प्रवासाला निघण्यापूर्वीची पाच मिनिटे

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. आम्ही घरची पाच माणसे पुण्याहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राकडे मोटारीने निघालो होतो. निघायला उशीर झाला होता आणि सूर्यास्तापूर्वी पोहोचून आई-अप्पांचे जेवण व्हावे, एवढाच विचार माझ्या मनात होता. मी गाडी चालवत होतो. शेजारच्या सीटची पाठ बरीच मागे झुकवून अप्पा डोळे मिटून पडले होते. मागे पत्नी आणि आई. आईच्या मांडीवर आमची दोन वर्षांची लेक. मागच्या सीटचे पट्टे कुठे होते, हे त्या दिवशी कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. नवे सीट कव्हर घातले तेव्हाच ते त्याखाली गडप झाले होते.

कराड मागे पडल्यावर सेवारस्त्यावरून एक दुचाकीस्वार अचानक महामार्गावर आला. मी सारा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली, तो बचावला, कोणाचा कोणाला स्पर्शही झाला नाही. पण आईच्या मांडीवरची लेक पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खालच्या फटीत पडली होती. तिच्या कपाळावर टेंगूळ आले. अप्पा सीटवरून पुढे घसरले होते आणि त्यांचा पट्टा कमरेवरून सरकून पोटावर चढला होता. लेक रडून शांत झाली, तरी आईचे हात कापत होते. ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, “मी घट्ट धरलं होतं रे, पण हातात राहिलीच नाही.”

आईने धरण्यात कसूर केली नव्हती. माणसाच्या हातांना जे शक्यच नाही, ते काम आम्ही तिच्यावर सोपवले होते. त्या टेंगळाने मला मोटारीच्या सीटकडे नव्याने पाहायला शिकवले. वाचून, विचारून आणि स्वतःच्या गाडीत करून पाहून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते; कारण आमच्यासारखी बसण्याची रीत अनेक घरांत आहे.

हातांचे बळ आणि वेगाचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली, तर आतल्या मोकळ्या शरीराला बसणारा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग ८० असेल तर हीच उंची २५ मीटरांवर जाते. ५० च्या वेगातले शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबायचे असेल, तर त्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर सोसावा लागतो. ११ किलोचे मूल त्या क्षणी २२० किलोंच्या ओझ्यासारखे होते. धान्याची दोन मोठी पोती ज्या हातांना उचलवत नाहीत, ते हात मूल कसे धरून ठेवतील?

हाच नियम मोठ्यांनाही लागू आहे. मागे बसणारा सुरक्षित असतो, हा आपल्याकडचा जुना समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी, असे दोघेही मृत्युमुखी पडले. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात सांगितले गेले. पट्टा न लावलेला मागचा प्रवासी पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा तो पुढे बसलेल्याच्याही जिवाला धोका ठरतो.

आज आपण वापरतो तो कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी तयार केला. १९५९ मध्ये तो गाड्यांत आला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले ठेवले. शरीराची बळकट हाडे म्हणजे कंबर, छाती आणि खांदा. आघाताचा भार त्यांच्यावर वाटला जावा, ही त्यामागची साधी कल्पना. मात्र हे व्हायचे तर पट्टा हाडांवरच बसला पाहिजे. आणि तो हाडांवर बसायचा तर मुळात माणूस सीटवर नीट बसलेला हवा. म्हणून आधी सीट, मग पट्टा.

चालकाची सीट

गाडी उभी असतानाच सीट जुळवावी; चालत्या गाडीत चालकाने आपली सीट कधीही सरकवू नये. प्रथम कंबर अगदी मागे, सीट आणि पाठ यांच्या कोनात टेकवून बसावे. सीटची उंची बदलता येत असेल तर समोरचा रस्ता सहज दिसेल आणि डोके व छत यांच्यात निदान चार बोटांचे अंतर राहील, इतकी ती ठेवावी.

मग पुढे-मागे सरकवणे. डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबावा. त्या स्थितीत गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट दूर आहे. गुडघा स्टेअरिंगखाली अडत असेल तर ती फार जवळ आहे. क्लच नसलेल्या गाडीत हीच परीक्षा उजव्या पायाने ब्रेक दाबून करावी. सीट सरकवल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकावा आणि अंग मागेपुढे हलवून ती पक्की झाल्याची खात्री करावी.

आता पाठ. दोन्ही खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला, तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. त्यासाठी खांदे पुढे न्यावे लागत असतील तर पाठ थोडी उभी करावी. ती काटकोनाहून किंचित मागे असली की कमरेला आराम मिळतो. छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत मात्र किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून धरलेल्या वितीपेक्षा थोडे अधिक. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते. तिला फुगायला जागा लागते. कमी उंचीच्या व्यक्ती, विशेषतः आपल्याकडील अनेक भगिनी, रस्ता दिसावा म्हणून स्टेअरिंगला चिकटून बसतात. त्यांनी सीट वर घ्यावी, स्टेअरिंग खाली करता येत असेल तर तसे करावे आणि अंतर राखावे.

सीटच्या वरची उशी, म्हणजेच हेडरेस्ट, डोके टेकून झोपण्यासाठी आहे असे पुष्कळांना वाटते. मागून धक्का बसला की डोके झटक्यात मागे जाते आणि मान दुखावते. ते डोके अडवणे हे तिचे खरे काम. म्हणून तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला असावी आणि डोके व उशी यांत शक्य तितके कमी अंतर असावे. मानेच्या मागे खाली दाबून ठेवलेली उशी मानेला वाचवत नाही. हे सारे झाल्यावर शेवटी आरसे जुळवावेत, कारण सीट हलली की आरशातले दृश्यही बदलते.

पट्टा कुठून जावा

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको. तो कमरेच्या हाडांवर, मांडीच्या अगदी वरच्या बाजूस सपाट बसावा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून आणि छातीच्या मधून जावा. तो मानेला टोचतो म्हणून काखेखालून किंवा पाठीमागून घेण्याची सवय घातक आहे. बहुतेक गाड्यांत पुढच्या पट्ट्याचा वरचा खिळा खाली-वर करता येतो, तो आपल्या उंचीप्रमाणे लावावा. पट्ट्याला पीळ नसावा. साडी असेल तर पदर बाजूला सारून, जाड शाल किंवा स्वेटर असेल तर तो उघडून पट्टा अंगालगत घ्यावा. गर्भवती स्त्रियांनीही पट्टा लावायलाच हवा; त्याचा खालचा भाग पोटाखालून आणि वरचा पोटाच्या बाजूने जावा.

अप्पांचे घसरणे मला इथे समजले. सीट मागे झुकवली की खांद्याचा पट्टा छातीपासून सुटतो, आणि धक्का बसताच शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकते. तेव्हा पट्टा पोटातील नाजूक अवयवांवर रुततो. जाड गादी किंवा घसरणारी उशी अंगाखाली घेतल्यानेही हेच घडते. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणे त्याहून वाईट. एअरबॅग उघडली तर तेच पाय वेगाने आपल्याच अंगावर फेकले जातात.

पट्टा न लावता सूचनेचा आवाज बंद करणाऱ्या बनावट कड्या काहीजण वापरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्यांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यासही तेवढाच.

ज्येष्ठांसाठी

वयोवृद्धांना गाडीत बसताना एक पाय आत टाकून वाकणे जड जाते. आधी दाराकडे पाठ करून सीटवर टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना याच्या उलट. कमरेच्या पोकळीत घडी केलेला लहान टॉवेल ठेवला तर पाठीला पुरेसा आधार मिळतो. जाड तक्क्या टाळाव्यात. त्यांना पडून राहावेसे वाटत असेल तर सीट झोपवण्यापेक्षा दर दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालवावे. चालकालाही तेवढ्याच विश्रांतीची गरज असते.

मागच्या काचेखालच्या फळीवर आपण फराळाचे स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या ठेवतो. आघातात त्या वस्तू डोक्यांच्या दिशेने सुटतात. जड सामान डिकीत, तेही खाली ठेवावे. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साधे कव्हर तिची वाट अडवते. त्यासाठी मुद्दाम जागा सोडलेलेच कव्हर घ्यावे.

मुलांसाठी

बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. म्हणून तान्ह्या बाळाचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून लावतात. आघात पाठीवर पसरतो आणि मान वाचते. युरोपातील नव्या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत असे बसवणे बंधनकारक आहे. त्यानंतरही आसनावर छापलेली उंची व वजनाची मर्यादा येईपर्यंत तसेच ठेवणे उत्तम. असे उलट्या तोंडाचे आसन एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नये.

आसन घेताना त्यावर भारतातील एआयएस-०७२ किंवा युरोपातील आर-४४ वा आर-१२९ या मानकाची खूण पाहावी. आपल्या गाडीत आयसोफिक्सची कडी आहे का, तेही आधी तपासावे. अपघातात सापडलेले जुने आसन स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बसवल्यावर ते बुडाशी धरून हलवावे. एक इंचाहून अधिक हलत असेल तर पट्टा ढिला आहे. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत दुमडता आला, तर तोही ढिला. थोडे मोठे झालेले मूल उंची वाढवणाऱ्या बूस्टरवर बसते. सुमारे १४५ सेंटिमीटर उंची झाल्यावर, पाठ टेकून बसले असता गुडघे सीटच्या कडेवर वाकतात आणि पट्टा कंबर व खांद्यावरच राहतो, तेव्हा बूस्टर काढावा.

आम्ही आसन आणले तेव्हा लेकीने दोन दिवस आकांत केला. मग ते घरातच ठेवले. ती त्यात बसून गोष्टी ऐकू लागली आणि तिसऱ्या दिवशी गाडीत विनातक्रार बसली. सीट कव्हरला चिरा पाडून मी गडप झालेली तिन्ही बकले वर काढली.

या वर्षी पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, म्हणजे घाईच राहू नये. अंगणात पाच मिनिटे गेली. अप्पांनी सीटची पाठ उभी केली, पत्नीने हेडरेस्ट वर ओढली, मी आरसे सर्वांत शेवटी जुळवले. लेकीने सवयीने आजीकडे हात पसरले. आईने तिचा मुका घेतला, तिला आसनात बसवले, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाली, “माझी मांडी घरी आहेच. गाडीत तुझी जागा ही.” मग आईने स्वतःचा पट्टा शोधला आणि खटका वाजेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.