बंदी उठली, बैल परत आले. पण गावचं शर्यतीचं मैदान का परत आलं नाही?

सातारा / सांगली : माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जाऊन एखाद्या साठीतल्या माणसाला विचारा, "तुमच्यात शर्यती कुठं व्हायच्या?" तो हात करून जागा दाखवेल. तिथं आता ऊस असेल, डाळिंब असेल, नाहीतर प्लॉटिंगचे दगड रोवलेले असतील.

बैलगाडी शर्यतीवरची बंदी उठून बराच काळ झाला. मोठी मैदानं जोरात आहेत, मोबाईलवर लाईव्ह दिसतात. मग गावोगावची जत्रेची छोटी मैदानं गेली कुठं?

आधी मैदान म्हणजे काय ते बघू. पुणे जिल्ह्यातला घाट वेगळा. तिथं गाडा एकटा पळतो, पुढं घोडी असते आणि सेकंद मोजतात. आपल्याकडं पाच-सहा-सात छकड्या एका रेषेत उभ्या राहतात. प्रत्येकाला आपापली चाकोरी. झेंडा पडला की सगळे एकदम सुटतात. गटात पहिला येईल तो सेमीला, तिथून फायनलला. आदत म्हणजे दुधाचे दात न पाडलेलं खोंड; दुसा, चौसा यांचा हिशोब वेगळा.

यासाठी जमीन लागते ती अशी: सरळ, दगड-गोटे वेचलेली, पायाला घट्ट पण खुराला न लागणारी. चाकोऱ्या एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर जोडी आडवी शिरते. आणि जिथं निकाल लागतो त्याच्या पुढंही भरपूर मोकळं रान पाहिजे, कारण भरधाव जोडी रेषेवर थांबत नाही. खरे अपघात व्हायचे ते बहुतेक इथंच, पुढं गर्दी उभी असल्यामुळं.

एवढी सलग मोकळी जागा कुणाकडं होती? दुष्काळी गावाकडं. माळावर काही पिकत नव्हतं, म्हणून तर तिथं बैल पळत होते. मालक कोण, हे जत्रेच्या दिवशी कुणी विचारत नव्हतं. चार पोरं फावडी घेऊन जायची, दोन दिवसात चाकोऱ्या तयार.

मग कोर्टाचा विषय आला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं खेळासाठी, प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी, पळण्यासाठी त्याची ठेवण नाही, असं कोर्टाचं म्हणणं. ते अनेकांना पटलं नाही. पण मैदानात काय काय चालायचं हेही आपण पाहिलंय: आर लावलेली पराणी, चाबूक, शेपटी चावणं, कुठं कुठं बॅटरीचा शॉक. हे कोर्टानं मनानं रचलेलं नव्हतं.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट दिली, पण ती लगेच कोर्टात अडकली. २०१७ मध्ये राज्यानं स्वतःचा कायदा केला, तोही अडकला. २० ऑगस्ट २०२१ ला आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यात झरे इथं शर्यत जाहीर केली. पोलिसांचा बंदोबस्त लागला, तरी पहाटेच वाक्षेवाडीच्या माळावर गाड्या पळाल्या. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं नियम पाळून शर्यती घ्यायला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला.

म्हणजे मधे साडेसात वर्षं गेली. आणि त्याच काळात आपल्याकडं दुसरी मोठी गोष्ट घडत होती. पाणी येत होतं.

कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडं सरकत होतं. म्हैसाळचं जतकडं, उरमोडी आणि जिहे-कठापूरचं माण-खटावकडं. सगळीकडं पोचलं असं नाही, अजूनही वाट बघणारी गावं आहेत. पण जिथं पोचलं तिथं माळाची किंमत बदलली. मुरूम उपसून, गाळाची माती टाकून लोकांनी द्राक्ष आणि डाळिंब लावलं. आता त्या रानात वर्षातनं एक दिवस चाकोऱ्या पाडू द्या, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि म्हणूही नये. तीस वर्षं पाण्यासाठी मोर्चे काढले ते यासाठीच.

दुसरं कारण वाटणी. आज्ज्याच्या नावावरचा माळ आता दहा-बारा जणांच्या नावावर. निम्मे पुण्या-मुंबईला. एकानं बांध घातला की सरळ पट्टी तुटली.

तिसरं कारण कागद. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून बैलांची तपासणी आणि शर्यतीचं चित्रीकरण करावं लागतं. धाव एक हजार मीटरच्या आत. काठी, चाबूक, पराणी चालत नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम चुकीचे आहेत असं आमचं म्हणणं नाही, बैलाच्या बाजूनं ते बरेच आहेत. पण पाचशे-हजार रुपये वर्गणी गोळा करणाऱ्या यात्रा कमिटीला हे पेलत नाही. पेलतं ते मोठ्या आयोजकाला. २०२३ मध्ये खानापूर तालुक्यात भाळवणीला पहिल्या नंबरासाठी थार गाडी लावली होती. तिथं बकासूर-महिब्यासारखी नाव कमावलेली जोडी येते. ज्याच्या दावणीला एकच खोंड आहे, त्यानं कुठं जायचं?

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. ट्रॅक्टर आल्यापासून शेतीत बैलाचं काम उरलं नाही. खिल्लार गाईला खोंड झालं तर ते का सांभाळायचं, याचं एक उत्तर गावचं मैदान होतं. तिथं खोंडाची पहिली पारख व्हायची. ढाल आणि थोडी रक्कम मिळायची, पण बघायला व्यापारी आलेला असायचा. चार गटात पुढं राहिलेल्या खोंडाचा भाव तिथंच वाढायचा. आज मोठ्या मैदानाची प्रवेश फी, टेम्पोचं भाडं आणि सोबतच्या पोरांचं जेवण धरलं, तर साधा शेतकरी पहिल्याच फेरीत मागं सरतो.

काही गावांनी मार्ग काढलाय. तीन-चार गावं मिळून एकच मैदान धरतात, परवानगी एकदाच काढतात, खर्च वाटून घेतात. त्यात आदत खोंडांचे गट वेगळे ठेवले तर लहान मालकाला जागा राहते. जागा मात्र गायरानात शोधावी लागते, आणि गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी लागतो.