तापमानातील फरक : उपनगरी घरांतील संगणक थंड राखण्याची प्रक्रिया

चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरणानंतरचे काम अंधेरी परिसरात एकवटलेले असले, तरी त्यातील काही भाग उपनगरांतल्या राहत्या घरांतूनही चालतो. संकलित दृश्यांची अंतिम चित्रफीत तयार करणे किंवा त्रिमितीय दृश्य चौकटीगणिक आकाराला आणणे, म्हणजेच रेंडरिंग, हे त्यातील सर्वांत जड काम होय. पत्र टाइप करताना प्रोसेसर क्षणभर तापतो आणि लगेच निवतो. रेंडरिंगमध्ये मात्र त्याला तासन्‌तास उसंत मिळत नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची तापमर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ती गाठली जाताच प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप उतरवतो. या क्रियेला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तिच्यामुळे यंत्र सहसा जळत नाही. पण दोन तासांचे काम रेंगाळते, आणि उष्णता तरीही आवरली नाही तर संगणक मध्येच बंद पडतो.

प्रोसेसरचे तापमान तीन गोष्टींवर ठरते : खोलीतील हवेचे तापमान, प्रोसेसर खर्च करत असलेली वीज आणि ती उष्णता हवेपर्यंत पोहोचण्याच्या मार्गातील अडथळा. भार आणि पंख्यांचा वेग कायम असेल, तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतील फरक जवळपास स्थिर राहतो. म्हणून जानेवारीच्या रात्री २२ अंशांच्या खोलीत ७८ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ८९ अंशांच्या आसपास जातो, आणि त्यात यंत्राचा काहीही दोष नसतो. मार्चमध्ये पूर्वेकडील वारे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला थोपवून धरतात, तेव्हा मुंबईचा पारा मेपेक्षाही वर चढू शकतो. याउलट खोलीचे तापमान तेच असताना फरकच वाढला असेल, तर बिघाड यंत्रात शोधावा लागतो. तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर आणि भिंतीवरचा साधा तापमापक एवढ्यावर हे निदान होते.

दमट हवेचा प्रश्न निराळा आहे. घाम वाळत नसल्यामुळे ती माणसाला छळते. प्रोसेसरची उष्णता मात्र बाष्पीभवनाने नव्हे, तर धातूवरून वाहणाऱ्या हवेने जाते, म्हणून आर्द्रतेचा थेट परिणाम तिच्यावर फारसा होत नाही. अप्रत्यक्ष परिणाम होतो तो धुळीमार्फत. पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतींची सिमेंटमिश्रित धूळ, घाटकोपर आणि मुलुंडमधून जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गासारख्या रहदारीच्या रस्त्यावरची काजळी आणि घरातील कापसाचे तंतू दमट हवेत चिकट होतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांचा संच, याच थराने बुजत जातो.

हा थर बहुधा पंख्याखाली दडलेला असतो. वरून पाहता पाती केवळ मळकट दिसतात. पंखा उचलला की पट्ट्यांच्या तोंडाशी करड्या नमद्यासारखा पापुद्रा सापडतो आणि तो अनेकदा चिमटीत धरून अखंड सोलता येतो. उरलेली धूळ मऊ ब्रश आणि ब्लोअर यांनी काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, कारण ब्लोअरच्या झोताने ती मर्यादेबाहेर फिरल्यास बेअरिंगला इजा होऊ शकते. त्यानंतरही फरक कमी झाला नाही, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील सूक्ष्म पोकळ्या भरणारी थर्मल पेस्ट सुकली असण्याचा संभव असतो. हीटसिंक सरळ न ओढता हलके पिळून सुटा करावा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, वाटाण्याएवढा नवा ठिपका मध्यभागी ठेवावा आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे आवळत जावेत, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडतो.

यंत्र स्वच्छ झाले तरी उष्णता नाहीशी होत नाही. ती केवळ खोलीत येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅट वीज घेत असतील, तर खोलीत ४०० वॅटचा हीटर लावल्यासारखेच ते आहे. दहा बाय बाराच्या खोलीतील हवा एवढ्या उष्णतेने साधारण दीड मिनिटाला एक अंश तापेल. प्रत्यक्षात भिंती आणि सामान बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून हा वेग मंदावतो, पण दारे-खिडक्या बंद असतील तर तापमान चढतच राहते. छताचा पंखा ही हवा ढवळतो, थंड करत नाही. म्हणून खिडकीची काच सरकवून समोरचे दार उघडे ठेवणे आणि सुताराने केलेल्या टेबलाच्या बंदिस्त कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढून त्याची मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, हे उपाय नवा पंखा विकत घेण्याआधी करून पाहण्यासारखे आहेत. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, तेव्हा हा संगणक त्याच्या क्षमतेचा जवळपास नववा हिस्सा एकटाच व्यापतो. गच्चीखालच्या घरांत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असल्याने जड काम मध्यरात्रीऐवजी पहाटे लावणे सोयीचे ठरते.

तिसरा उपाय वीजच कमी खर्च करण्याचा. प्रोसेसरची वीज मुख्यतः व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवता आले, तर ही वीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते. मात्र अशा बदलानंतर यंत्र दीर्घ भाराखाली स्थिर राहते की नाही, हे तपासणे आवश्यक असते. त्याहून सोपा मार्ग बायॉसमधून प्रोसेसरची कमाल वॅट-मर्यादा खाली आणण्याचा आहे. कमाल वेगाचे शेवटचे काही टप्पे गाठण्यासाठी वीज अवाच्या सवा लागत असल्याने मर्यादा बेताने घटवली, तर काम थोडेच लांबते. थ्रॉटलिंगमुळे वेग अखेरीस उतरणारच असेल, तर कमी विजेवर एकसंध गतीने चाललेले रेंडरिंग जवळपास तेवढ्याच वेळात पुरे होते आणि खोलीतील माणसालाही कमी तापवते.