कबुतरांच्या विष्ठेतील किण्व आणि माणसाची रोगप्रतिकारशक्ती

किण्व म्हणजे यीस्ट. ताडी आंबते, द्राक्षरसाची वाइन होते, पाव फुगतो, ते या एकपेशीय बुरशीमुळेच. बहुतेक किण्वे निरुपद्रवी असतात, परंतु थोड्या जाती माणसाला आजारी पाडतात. त्यांपैकी क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स ही जात जुने वाडे, गोदामे आणि धान्याचे माळे यांच्याशी जवळचा संबंध असलेली आहे. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींसाठी तिची माहिती येथे देत आहोत.

हे किण्व १८९४ साली इटलीत सानफेलिचे यांना पीच फळाच्या रसात आढळले. त्याच वर्षी जर्मनीत बुसे आणि बुश्के यांनी ते एका रुग्णाच्या नडगीच्या हाडातून वेगळे केले. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेतील एमन्स यांनी कबुतरांची घरटी व विष्ठा हे त्याचे मोठे वसतिस्थान असल्याचे दाखविले. या विष्ठेत युरिक आम्ल, क्रिएटिनीन यांसारखी नत्रयुक्त द्रव्ये असतात आणि त्यांवर हे किण्व पोसते. कबुतराच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असल्याने कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही. याच कुळातील गट्टी ही दुसरी जात निलगिरीच्या झाडांवर आढळते. ती ऑस्ट्रेलियात १९९० साली आणि आपल्याकडे पंजाबात १९९७ साली नोंदली गेली. अर्थात तेवढ्यासाठी बांधावरची निलगिरी तोडण्याचे कारण नाही.

सावलीतील जुनी विष्ठा वाळली, की तिच्या धुळीबरोबर किण्वाच्या सूक्ष्म पेशी हवेत उडतात व श्वासावाटे थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. असे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत कधी ना कधी घडत असावे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन वर्षांवरील बहुतेक मुलांच्या रक्तात या किण्वाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, आणि ही मुले आजारी नव्हती. मग काहींनाच रोग का होतो?

फुफ्फुसात भक्षक पेशी राखणीला असतात. किण्वाच्या पेशीभित्तीवरील विशिष्ट शर्करा ओळखून त्या त्याला गिळतात. परंतु या किण्वाभोवती बुळबुळीत शर्करेचे जाड कवच असते. त्यामुळे ओळखीची खूण झाकली जाते आणि गिळणेही अवघड होते. गिळले तरी ते लगेच मरत नाही. भक्षक पेशी आपल्या पोटात आम्ल आणि जहाल रसायने सोडते, पण किण्वाच्या भित्तीतील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य त्या रसायनांचा मारा झेलते. किण्व आतच वाढते, कधी भक्षक पेशीला न मारता बाहेर पडते, तर कधी तिच्यात बसूनच रक्तावाटे मेंदूपर्यंत जाते. ज्याने राखण करायची त्याच्याच गाडीत बसून चोराने गाव गाठावे, असा हा प्रकार आहे. मातीतील अमिबा अशीच किण्वे गिळतात, त्यांच्यापासून वाचता वाचता हे गुण त्याच्यात आले असावेत, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

धडधाकट माणसात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी मदतीला येतात. त्यांच्या रासायनिक संदेशाने भक्षक पेशींना जोर चढतो. त्या किण्वाला मारतात किंवा गाठीत कोंडून ठेवतात. कोंडलेले किण्व वर्षानुवर्षे निपचित राहू शकते. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटल्या (विशेषतः घन मिलिमीटरला १०० च्या खाली), अवयवरोपणानंतरची औषधे सुरू असली किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, तर ही राखण ढिली पडते. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. मात्र बराच काळ घेतलेले स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते कमी करावे.

प्रतिकारशक्ती परत येतानाही धोका असतो. मेंदूत किण्व भरपूर असताना एचआयव्हीची औषधे लगेच सुरू केली, तर परतलेल्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि त्या दाहाने रोगी दगावू शकतो. म्हणून आधी किण्वावर उपचार करून एचआयव्हीची औषधे साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात. उपचारात अँफोटेरिसिन-बी, फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल वापरतात. यातील फ्लुकोनॅझोल हे द्राक्षावरील भुरीसाठी फवारल्या जाणाऱ्या हेक्साकोनॅझोलच्याच कुळातले औषध आहे.

कबुतरांनी घाण केलेला माळा कोरडा झाडू नये. पाणी शिंपडून विष्ठा ओली करावी, नाकातोंडावर चांगला मास्क लावावा आणि मगच खरवडून काढावी. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी हे काम करू नये. हा रोग रुग्णाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे घरात रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज नाही.

रोगाचे मुख्य लक्षण म्हणजे दोन-तीन आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी. सोबत बारीक ताप, उलट्या, अंधुक दिसणे, पुढे बोलण्यात भ्रम. मान ताठ होतेच असे नाही, म्हणून पित्त किंवा चष्म्याचा नंबर समजून दिवस दवडले जातात. उपचार न झाल्यास मेंदूपर्यंत गेलेला हा रोग प्राणघातक ठरतो. वर सांगितलेल्यांपैकी कोणाला अशी डोकेदुखी असेल, तर मोठ्या रुग्णालयात जावे व घेत असलेली सर्व औषधे, पुड्यांसह, डॉक्टरांना दाखवावीत. रक्ताच्या थेंबावर पट्टीने होणाऱ्या तपासणीत कवचाचे अंश काही मिनिटांत समजतात. मणक्यातील पाणी काढून त्यात काळी शाई मिसळली, की सूक्ष्मदर्शकाखाली किण्वाभोवती कवचाचे पांढरे कडे दिसते. पाठीतून पाणी काढले की माणूस अधू होतो, या भीतीने पुष्कळ नातेवाईक नकार देतात. ती भीती अनाठायी आहे. या रोगात मेंदूभोवतीचा दाब फार वाढतो. तो उतरविण्यासाठी पाणी पुन्हा पुन्हाही काढावे लागते. त्याने डोकेदुखी हलकी होते, डोळे वाचू शकतात आणि जीवही.