पावसाळ्यात ड्रोनच्या बॅटऱ्या कशा ठेवायच्या?

पावसाळा लागला की ड्रोन आणि रिमोटची विमानं कपाटात जातात. त्यांच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या मात्र फुल चार्ज करून ठेवू नका, ही कळकळीची विनंती! पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२ असतं. त्या अवस्थेत, त्यातही उकाड्यात, आतल्या इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होतं, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. अशी गेलेली क्षमता परत येत नाही.

रिकामी ठेवणं तर त्याहून वाईट. लिथियम सेल नुसता पडून असला तरी महिन्याला साधारण २-३ टक्के उतरतो. शिवाय स्मार्ट बॅटरीतलं संरक्षक सर्किट थोडा थोडा करंट खातच असतं. व्होल्टेज २ च्या खाली गेलं की सेलमधला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणूनच मेलेली बॅटरी जिवंत करायचा खटाटोप मला अजिबात पटत नाही.

प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी 'स्टोरेज' मोड असतो. जागा कोरडी आणि थंड हवी, गाडीची डिकी नको. महिन्या-दीड महिन्यानं मल्टिमीटर लावून बघा. पॅकमधला एखादाच सेल इतरांपेक्षा भराभर उतरत असेल, तर त्या पॅकवर उड्डाण करू नका. फुगलेली बॅटरी टोचू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.