गरीब कोणास म्हणावे?

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' असा एक रकाना आहे. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत असला तर अर्ज विचारात घ्यावयाचा, नसला तर बाजूला ठेवावयाचा, असा आजवरचा शिरस्ता. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारकुनाच्या मुलीचा अर्ज असाच बाजूला ठेवला. वडिलांचा पगार मर्यादेहून थोडासा वर होता. त्याच बैठकीत एका दुकानदाराच्या मुलास शिष्यवृत्ती मंजूर झाली. मागाहून कळले की, कारकुनाच्या पगारावर भाड्याच्या घरात सात माणसे जेवत होती. दुकानदाराच्या घरी तिघे, आणि घर स्वतःचे. नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नव्हतो, पण मदत चुकीच्या दारी गेली. तेव्हापासून, गरिबी मोजतात तरी कशी, याची चौकशी आम्ही आरंभिली. तिचा थोडा वृत्तान्त सभासदांपुढे ठेवीत आहोत.

हा हिशेब आपल्या देशात ज्यांनी आरंभी मांडला ते दादाभाई नौरोजी १८७४ साली आपल्या बडोद्याचे दिवाण होते. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले, आणि त्याच्या शेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. कैद्याचा खर्च अधिक निघाला! स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली हेच काम नव्याने केले. माणसास रोज २२५० उष्मांक मिळण्यास काय खर्च येतो हे पाहून, १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी आखली.

येथे वाचकांच्या ध्यानात येईल की, मोजमाप उत्पन्नाचे नसून खर्चाचे आहे, आणि घराचे नसून डोईमागे आहे. उत्पन्न विचारले तर व्यापारी कमी सांगतो, शेतकऱ्याला ते सुगीवाचून सांगताच येत नाही, आणि रोजंदारीवरच्याला आठवत नाही. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक घरोघर जाऊन धान्य, तेल, कापड, औषध किती लागले हे विचारतात. घरच्या शेतातील जोंधळ्याचीही किंमत धरतात. प्रश्न कसा विचारावा यावरही पुष्कळ अवलंबून असते. गेल्या महिन्यात तेल किती लागले आणि गेल्या आठवड्यात किती, हे दोन्ही एकाच गृहिणीस विचारून पाहावे. आठवड्याचे चौपट केले तरी महिन्याशी जुळेलच असे नाही. १९९९-२००० च्या पाहणीत हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले, आणि त्या वर्षीच्या गरिबीच्या आकड्यावर अर्थशास्त्रज्ञांत बरीच वर्षे वाद चालला.

रेषा कोठे आखावी हा प्रश्न तर याहून अवघड. २०११-१२ सालासाठी सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने दरमहा दरडोई खेड्यात ८१६ व शहरात १००० रुपये ही रेषा धरली, तेव्हा देशात शेकडा २१.९ लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने २०१४ साली त्याच वर्षासाठी ९७२ व १४०७ रुपये धरले, तेव्हा शेकडा २९.५. कोणाच्याही ताटातील भाकरी कमीजास्त न होता नऊ कोटींहून अधिक माणसे गरिबांत आली.

शिवाय नुसती डोकी मोजल्याने खोली कळत नाही. रेषा हजाराची असेल तर ९९० वाला आणि ४०० वाला दोघेही सारखेच 'एक गरीब'. ज्यास आकडा लवकर खाली आणावयाचा आहे तो ९९० वाल्यास दहा रुपये देईल आणि ४०० वाल्याकडे पाहणार नाही. आमच्या समितीनेही, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, मर्यादेच्या काठावरच्यांचेच अर्ज अधिक पाहिले आहेत. कारण अगदी तळच्यांचे अर्ज येतच नाहीत.

विषमता ही गोष्ट निराळी. ती मोजण्यास इटलीच्या कोर्रादो जीनी यांचा गुणांक वापरतात. सर्वांस सारखे मिळाले तर तो शून्य, सारे एकाच्याच घरी गेले तर एक. २०२३-२४ च्या पाहणीत खर्चाचा हा गुणांक खेड्यांत ०.२३७ व शहरांत ०.२८४ आला. हे वाचून फार समाधान मानू नये. दसपट मिळवणारा दसपट जेवत नाही. उरलेले तो जमिनीत, सोन्यात, शेअर्समध्ये घालतो, आणि ते खर्चाच्या वहीत दिसत नाही. मोठ्या बंगल्याच्या फाटकातून पाहणी करणाऱ्यास आत घेणारेही थोडेच. उत्पन्नाची विषमता यापेक्षा पुष्कळ अधिक असते.

आता आमच्या अर्जाविषयी. नव्या अर्जात जेवणारी माणसे, घरभाडे आणि आजारपणाचे कर्ज असे तीन रकाने वाढवावे, व उत्पन्नास माणसांनी भागावे, अशी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहोत. अर्ज लांबला की लोक कंटाळतील, असे काही सभासदांचे म्हणणे आहे व ते अगदीच खोटे नाही. पाच वर्षांचे मूल पूर्ण माणूस धरावे की अर्धे, यावर मात्र समितीत अद्याप एकमत झालेले नाही.