अर्ध्या क्रियेचें गणित

आतां जळगांव शहरांत सामावलेल्या पिंप्राळ्यांत आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो. तो कधीं भरभर ओढला जातो, तर कधीं थबकतो. क्षणोक्षणींचा त्याचा वेग टिपून ठेवल्यास रथानें काटलेलें अंतर काढतां येतें. प्रत्येक वेगास त्या अल्प काळानें गुणावें व साऱ्या गुणाकारांची बेरीज घ्यावी. हेंच संकलन. उलट, अंतरावरून वेग काढणें म्हणजे विकलन.

सूक्ष्म तुकड्यांची बेरीज करण्याची ही कल्पना खानदेशास परकी नाहीं. भास्कराचार्यांनीं गोलाच्या पृष्ठाचे बारीक तुकडे कल्पून त्यांच्या बेरजेनें त्याचें क्षेत्रफळ सिद्ध केलें. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें चाळीसगांवाजवळील पाटणच्या इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून समजतें.

संकलन एकदां करतां येतें, तसेंच दोनदां व तीनदांही. मग तें अर्धें करतां येईल काय? विकलनाविषयीं असाच प्रश्न १६९५ सालीं लायब्निट्स व लोपिताल यांच्या पत्रव्यवहारांत निघाला होता. प्रथमदर्शनीं तो निरर्थक भासतो. पण एक अट घातली कीं त्यास अर्थ येतो : अर्धी क्रिया लागोपाठ दोनदां केली असतां एक पूर्ण क्रिया घडली पाहिजे.

ही अट पाळणारी रीति अशी. पूर्ण संकलनांत गतकाळाच्या प्रत्येक क्षणास सारखेंच वजन असतें. अर्ध्या संकलनांत तें वजन लोटलेल्या काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. म्हणजे चार मिनिटांपूर्वींच्या वेगास एक मिनिटापूर्वींच्या वेगाच्या निम्मेंच वजन मिळतें. रथ मिनिटास एक हात या एकसारख्या वेगानें चालला, तर चार मिनिटांचें पूर्ण संकलन ४ येतें आणि अर्धें संकलन सुमारें २.२६. हें अर्धें संकलन प्रत्येक क्षणासाठीं काढून त्या साऱ्यांवर तीच रीति पुनः चालविली कीं बरोबर ४ हाच आंकडा हातीं येतो.

या रीतीचा उपयोग नॉर्वेचा तरुण गणिती आबेल यानें १८२३ सालीं दाखविला. वांकलेल्या तारेंत ओवलेला मणी घर्षणावांचून खालीं घसरत आहे असें समजावें. निरनिराळ्या उंचींवरून सोडला असतां तळाशीं येण्यास त्यास किती वेळ लागतो हें ठाऊक असेल, तर तारेचा आकार कोणता? मण्याचा वेग तो जितका उतरला त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो, म्हणून वेळाचें सूत्र अर्ध्या संकलनाचेंच निघतें. अर्ध्या विकलनानें तें उलगडलें कीं आकार उघड होतो. प्रत्येक उंचीस सारखाच वेळ लागत असेल, तर तो आकार चक्रज असतो. सपाट रस्त्यावर धांवणाऱ्या चाकाच्या धांवेवरील एका ठिपक्याचा मार्ग उलटा धरावा, तो हा. ह्युगेन्सनें तो १६७३ च्या ग्रंथांत दिलाच होता.

विसाव्या शतकांतील फलीय विश्लेषणानें क्रियेलाच स्वतंत्र वस्तु मानून तिला कारक म्हटलें. दोन्हीं टोंकें बांधलेली ताणलेली तार घ्या. तिच्या लहरींवर दोनदां विकलन करून चिन्ह पालटलें, तर योग्य मापांत पहिली लहर १ नें, दुसरी ४ नें व तिसरी ९ नें गुणली जाते. आकार मात्र तसाच राहतो. तेव्हां या कारकाचा अर्धा घात म्हणजे त्याच लहरींस १, २, ३ नें गुणणें होय. तारेचा कोणताही आकार फूरियेच्या पद्धतीनें अशा लहरींत फोडावा, गुणावा व पुनः जोडावा. अशा शुद्ध लहरी जेथें लाभत नाहींत, अशाही अनेक कारकांचे अपूर्णांकी घात संकलनाच्या सूत्रानें काढण्याची रीति भारतीय वंशाचे गणिती बाळकृष्णन् यांनीं १९६० सालीं दिली.

नेहमींचें विकलन चालू क्षणापुरतेंच पाहतें; अर्धें विकलन मागचा सारा इतिहास जमेस धरतें. पूर्वींचा ताण कांहीं काळ स्मरणाऱ्या रबरासारख्या पदार्थांचें वर्णन करण्यास तें म्हणूनच उपयोगी पडतें. निरर्थक वाटणाऱ्या प्रश्नास एक अट नेमकी घातल्यानें त्याचें शास्त्र झालें, हें या विषयाचें खरें मर्म.