गोळीची भीती मनात ठेवू नका

गेल्या वर्षी रमजानच्या आधी खालांच्या घरी साफसफाई चालली होती. पिठाच्या डब्यामागे एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत गोळ्यांची पाकिटे होती, एकही न फोडलेले. मुलगा दर महिन्याला गोळ्या आणून देत होता आणि खाला त्या घेतात असे आम्ही सगळे समजत होतो. तरीही बोटे वाकडी होत चालली, तेव्हा औषधच कुचकामी आहे असे घरात ठरून गेले होते.

मी विचारले तेव्हा खाला बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फोनवर पाहिलं बेटा. ही कॅन्सरची गोळी आहे. मला कॅन्सर झालाय आणि तुम्ही सगळे लपवताय, असं वाटलं."

पाच महिने त्यांनी ही भीती एकट्यानेच सोसली होती. सांध्यांचे दुखणे होतेच, त्यात रात्रीची झोपही गेली होती.

गोळी नेमकी कशाची?

खालांना आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयामुळे गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सूज टिकून राहिली की सांधा आतून खराब होतो, आणि एकदा वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणून नुसते दुखणे थांबवून भागत नाही, आजाराला आवर घालावा लागतो.

त्यासाठी बहुतेकदा आधी मेथोट्रेक्झेट देतात. हे औषध मोठ्या प्रमाणात कॅन्सरवर वापरतात हे खरे आहे. पण आमवातात प्रमाण फार कमी असते, साधारण आठवड्याला 7.5 ते 25 मिलिग्रॅम. अमेरिकेत 1988 साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. म्हणजे कित्येक वर्षांचा अनुभव त्याच्या मागे आहे.

तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. पहिली, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. खालांनी आता जुम्म्याचा दिवस ठरवला आहे आणि कॅलेंडरवर खूण केली आहे. दुसरी, गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये. तिसरी, मळमळ, तोंड येणे, यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम हे धोके आहेत. म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सोबत देतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासतात. ताप, तोंडात फोड किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीच सांगावे, कारण गर्भाला हे औषध घातक आहे.

जिथे भ्यायला हवे तिथे आपण भीत नाही

डॉक्टरांच्या गोळीला घाबरणारे आपण गावोगावच्या पुड्या मात्र बिनदिक्कत घेतो. खालांनीही घेतली होती. चार दिवसांत दुखणे पळाले, म्हणून कौतुक झाले. मग चेहरा सुजला, साखर वाढली. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. स्टिरॉइड वाईटच असते असे नाही. डॉक्टर ते मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. पण न कळत महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केले तर तेही धोक्याचे. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

मनातल्या तराजूची दोन पारडी

ब्रिटनमधील संशोधक रॉबर्ट हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये औषधांविषयीच्या समजुती तपासणारी प्रश्नावली मांडली. तिचे सार सोपे आहे. प्रत्येक रुग्णाच्या मनात एका पारड्यात 'मला याची गरज आहे' आणि दुसऱ्यात 'याने मला काय होईल' असे वजन असते. भीतीचे पारडे जड झाले की गोळी डब्यामागे जाते. रुग्णाला ओरडून ते हलके होत नाही. भीती विचारून घ्यावी लागते.

आपल्या घरात हेच होत नाही. आईने, सासूने पीठ मळणे सोडले, लग्नाला येणे सोडले, तर आपण म्हणतो, वय झाले. रोजचे दुखणे माणसाला उदास करते, आणि उदास माणूस औषधही टाळतो.

नमाज आणि रोजा

खालांना आणखी एक सल होती. सजदा करता येत नाही, खुर्चीवर बसून नमाज होते का? हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले होते. ही हदीस बुखारीत आहे. फजरला सांधे आखडतात, तेव्हा वजूला कोमट पाणी घ्यावे. आठवड्याची गोळी इफ्तारनंतर घेता येते. पण रोज दोन-तीन वेळा औषध लागत असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावे, वेळा स्वतः बदलू नयेत. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. बरे होण्याची आशा नसेल तर फिदयाबद्दल आलिमांना विचारावे.

पुढच्या तपासणीला मी खालांसोबत गेलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न खालांनी स्वतः विचारला, "मला कॅन्सर आहे का?" डॉक्टरांनी शांतपणे समजावले, रक्त तपासले आणि गोळी पुन्हा सुरू केली. वाकलेली दोन बोटे तशीच राहिली. ते पाच महिने परत आले नाहीत. पण बाकीची सूज उतरली, आणि या ईदला शीरखुर्मा खालांनी स्वतः ढवळला, अल्हम्दुलिल्लाह.

शिफा देणारा अल्लाह आहे, आणि दवा घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. तुमच्या घरात कुणाला आमवात असेल तर "गोळी घेतली का?" एवढेच विचारून थांबू नका. "गोळीची भीती वाटते का?" हेही विचारा. आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ बसा.